मयेत एपिक्टेटसचे काय करायचे?

डिचोली तालुक्यातल्या मये गावात माणसे पिढ्यानपिढ्या राहिली, पण पायाखालची जमीन कागदावर त्यांची नव्हती. गावाचा मोठा भाग पोर्तुगीज राजवटीत मानमरातब मिळालेल्या एका कोंद (काउंट) घराण्याचा. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, घराणे निघून गेले आणि त्यांची मालमत्ता ‘स्थलांतरितांची’ म्हणून सरकारी कस्टोडियनकडे आली. भाटकार, म्हणजे जमीनमालक, गेला, भाटकारपण राहिले. ज्या घरात आजोबा वारले त्याच घराची दुरुस्ती काढायची, बँकेत कर्ज मागायचे, भावाभावांत वाटणी करायची, तर दाखवायला कागद कुठला? अर्ज, मोर्चे, समित्या आणि निवडणुकीतली आश्वासने यांत अर्धे शतक गेले. 2014 मध्ये विधानसभेने या मालकीचा निकाल लावणारा कायदा केला. त्यानंतर सनदा हातात पडू लागल्या, त्याही टप्प्याटप्प्याने.

आता स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस काय म्हणतो ते पाहा. कोणत्याही वस्तूबद्दल ‘ती गेली’ असे म्हणू नये, ‘परत दिली’ असे म्हणावे. जमीन कुणी घेतली? ती पण परत दिली. जोवर दिलेली आहे तोवर परक्याची म्हणून सांभाळावी, वाटसरू धर्मशाळा सांभाळतो तशी. मयेतल्या एखाद्या मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्याला, हे वाचून दाखवले तर तो रागावणार नाही कदाचित, पण चहासुद्धा विचारणार नाही. धर्मशाळेतच तर त्याचा जन्म गेला!

म्हणून या तत्त्वज्ञाला वाटेला लावावे असे वाटते. पण हे बोलणारा कोण होता, तेही बघायला हवे. एपिक्टेटस इसवी सन 50 च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसला जन्मला, गुलाम म्हणून. त्याचा धनी नीरो बादशहाच्या दरबारातला वजनदार माणूस. पाय अधू. पुढे सुटका झाली, रोममध्ये तो शिकवू लागला, तेवढ्यात डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकलून लावले. तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिसला गेला आणि तिथे शाळा काढली. रोममधल्या त्याच्या घराला कडी लागत नसे म्हणतात, कारण आत गवताची गादी आणि चटई यांपलीकडे चोरण्यासारखे काही नव्हते. एकदा देवापुढचा लोखंडी दिवा चोरीला गेला, तर त्याने दुसऱ्या दिवशी मातीचा आणला. (त्याच्या मागे तो मातीचा दिवा कुणा हौशी माणसाने तीन हजार द्राख्मांना विकत घेतला, असे ल्युशियन सांगतो. गुरूचे काय घ्यायचे हे न कळणारे शिष्य तेव्हाही होते.)

गुलामाने स्वतःच्या दिव्याबद्दल ‘गेला तर गेला’ म्हणणे ही एक गोष्ट, आणि भाटकाराने मुंडकाराला त्याच्या घराबद्दल तसे सांगणे ही अगदी वेगळी. वाक्य तेच, तोंड बदलले की पाप होते. स्टोइक विचार रोजच्या जगण्यात आणायचा म्हणजे काय, याचे अर्धे उत्तर या फरकात आहे, आणि सध्या या विचाराची जी चलती आहे तिच्यात नेमका हाच फरक निसटतो.

चलती तर आहेच. विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात मार्कस ऑरेलियस दिसतो, मोबाइलवर रोज सकाळी सेनेकाचा विचार येतो. मराठी वाचकाकडे ही शिकवण दुसऱ्या वाटेनेही आली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याने आपल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे मूळ उघडपणे एपिक्टेटसकडे नेऊन पोचवले. घटना माणसाला छळत नाहीत, त्यांच्याविषयीची मते छळतात, हे ते मूळ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे ते नाव मराठी घरांत गेले, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी त्या पद्धतीला आपल्या मातीतला साज दिला. मूळ स्टोइक पंथ त्याहून बराच जुना. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास सायप्रसचा झेनो अथेन्समध्ये एका चित्रांनी रंगवलेल्या ओसरीत शिकवू लागला. त्या ओसरीवरूनच पंथाला नाव मिळाले. जहाज फुटले, माल बुडाला, म्हणून हा व्यापारी तत्त्वज्ञानाकडे वळला अशी त्याची कथा.

पंथाचा पाया सोपा. काही गोष्टी आपल्या हातात असतात: आपले मत, आपली इच्छा, आपले वागणे. शरीर, पैसा, अब्रू, पद हातात नसते. पहिल्यावर लक्ष द्या, दुसऱ्याने खचू नका. गोव्यात हे शिकवायला ग्रीक माणूस लागत नाही. ‘देवाक काळजी’ हे दोन शब्द पेडण्यापासून काणकोणपर्यंत रोज शेकडो तोंडांतून निघतात, बस चुकली तरी आणि केस हरली तरी.

पण डिचोलीच्या खाणपट्ट्यात हा पाया तपासून पाहण्याची वेळ आली, ती खरीखुरी. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि तीन दिवसांत राज्य सरकारने खनिज उत्खनन थांबवले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2014 च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. पुन्हा 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. डिचोली, साखळी, आमोणे या भागात याचा अर्थ आकड्यांत सांगायची गरज नाही. ट्रक दारात उभे राहिले. टायर बसले, हौद्याला गंज चढला, बँकेचे हप्ते मात्र धावत राहिले. ट्रकवाल्यामागे गॅरेजवाला, त्याच्यामागे खानावळवाला, त्याच्यामागे शाळेच्या फीसाठी थांबलेली पोरे. वर्तमानपत्रांनी या सगळ्यांना मिळून ‘खाण अवलंबित’ असे नाव दिले.

अशा ट्रकमालकाला एपिक्टेटस खरोखर उपयोगी पडतो. निकाल त्याच्या हातात नाही, खनिजाचा चीनमधला भाव हातात नाही. ट्रक आज विकायचा की आणखी दोन वर्षे आशेवर गंजू द्यायचा, हे आहे. बँकेच्या माणसाला तोंड चुकवायचे की समोर बसून बोलायचे, हेही आहे. घरात खरे सांगायचे की नाही, हे तर सर्वांत जास्त. आशा आणि भीती या दोघींना स्टोइक लोक एकाच माळेचे मणी मानत, आणि ‘पुढच्या हंगामात खाणी सुरू होणार’ या दरवर्षीच्या बातमीवर जगलेल्या माणसाला त्यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

मग शिरगावला जा. तेही डिचोली तालुक्यातच, खाणींनी वेढलेले. तिथल्या विहिरी आटल्या, शेतात खाणीची माती उतरली, गावकरी दाद मागायला उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्यातल्या कित्येकांना खाणबंदी म्हणजे सुटकेचा श्वास होता. एकच घटना, एकाच तालुक्यातली दोन घरे. ‘घटना छळत नाही, मत छळते’ हे सूत्र इथे तोकडे पडते. ट्रकवाल्याचे आणि शेतकऱ्याचे फक्त मत वेगळे नव्हते; एकाची मिळकत गेली होती आणि दुसऱ्याचे पाणी. ज्याची विहीर आटली त्याला मत बदलायला सांगणे म्हणजे खाणवाल्याची बाजू घेणे.

पेडण्याची एक जुनी गोष्ट आहे, तिच्यात ‘घटना नव्हे, मत छळते’ हा विचार अधिक स्वच्छ दिसतो. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते संत सोहिरोबानाथ आंबिये 1714 मध्ये बांद्याला जन्मले. घराणे मूळचे पेडण्यातल्या पालये गावचे. बांद्याचे कुळकर्णीपण मिळाल्यामुळे तिकडे गेलेले. अच्युत हे पाळण्यातले नाव. सावंतवाडीच्या राज्यात हिशेब लिहिण्यात बरीच वर्षे गेली. एके दिवशी वाडीकर सरकारचे बोलावणे आले. पायी निघाले. इन्सुलीच्या रानात ऊन झाले म्हणून झाडाखाली बसले आणि बरोबरचा फणस फोडला. तोंडात गरा घालणार एवढ्यात समोर एक जोगी उभा राहून म्हणाला, आम्हाला काही देणार की नाही? सोहिरोबांनी गरे त्याच्या हातावर ठेवले. तो गहिनीनाथ, अशी परंपरेची श्रद्धा. वाडीला पोचले ते राजीनामा देऊनच परतले.

गोष्टीतली खुबी बोलावण्यात आहे. राजाचा हुकूम म्हटल्यावर कारकुनाच्या पोटात जो गोळा येतो, तो घेऊन ते निघाले होते, आणि फणस संपेपर्यंत तो उरला नव्हता. हुकूम तोच, राजा तोच.

साठी उलटता उलटता, 1774 च्या सुमारास, ते उत्तरेला गेले. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या लष्करात पेडण्यातल्या केरी गावचे जिवबादादा बक्षी होते. त्यांच्यामुळे दरबाराशी गाठ पडली. महादजी स्वतः पदे रचत. त्यांनी आपली कविता पुढे केली, सोहिरोबांनी स्तुती केली नाही. दिल्लीच्या बादशहाला मुठीत ठेवणाऱ्या सरदारापुढे ‘आम्हाला तुझी गरज नाही’ अशा अर्थाचे पद म्हणून ते चालते झाले, असे सांगतात. 1788 मध्ये त्यांचे मूळचे पेडणे सावंतवाडीकरांनी पोर्तुगिजांना देऊन टाकले. तेव्हा ते दूर उत्तरेत होते. 1792 मध्ये उज्जैनला ते दिसेनासे झाले.

याच्याशेजारी रोमन स्टोइक सेनेकाला उभे करावे. गरिबीची थोरवी इतक्या सुंदर लॅटिनमध्ये दुसऱ्या कुणी लिहिली नसेल, आणि रोममधल्या अतिश्रीमंतांत त्याची गणना होती. इसवी सन 62 मध्ये त्याने नीरोला विनवले की ही सगळी संपत्ती परत घे आणि मला मोकळे कर. नीरोने गोड बोलून नकार दिला. तीन वर्षांनी त्याच नीरोच्या हुकमाने त्याला शिरा कापून घ्याव्या लागल्या. दरबारात शिरणे त्याच्या हातात होते, निघणे राहिले नाही. सोहिरोबा आत गुंतलेच नाहीत.

तरीही सोहिरोबांना स्टोइक म्हणायचा मोह आवरावा. ते नाथपंथी होते. गुरू, योग, अद्वैताचा आनंद हा त्यांचा प्रांत. आणि खरे सांगायचे तर त्या दरबारातला दुसरा पेडणेकर स्टोइकांना जास्त जवळचा वाटला असता. जिवबादादा नोकरीत राहिले. महादजी गेल्यावर कोवळ्या दौलतरावाच्या काळात, आत एकमेकांचे पाय ओढणे चालू असताना, 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांनी चालवली. पुढच्या वर्षी वारले. झोळी घेतलेल्याला ‘तुझी गरज नाही’ म्हणता येते. महिन्याच्या महिन्याला ज्याचा पगार त्या दारातून येतो, त्याने ताठ कसे राहायचे हा स्टोइकांचा रोजचा प्रश्न होता. मार्कस ऑरेलियस 161 ते 180 सम्राट होता. साथ पसरलेली, दान्यूबकाठी युद्ध चाललेले, आणि छावणीत बसून तो स्वतःला बजावत होता की सकाळी उठून माणसाचे काम करायचे आहे. त्याला रान मोकळे नव्हते.

आपल्याकडे हे ऐकले की स्थितप्रज्ञ आठवतो, आणि ते साहजिकच आहे. एक योगायोग तर थक्क करणारा. एपिक्टेटसने स्वतः काहीच लिहिले नाही. त्याची प्रवचने ऐकून एरियन नावाच्या शिष्याने उतरवून काढली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. दोन्ही पुस्तके ऐकणाऱ्याच्या लेखणीची. फरक मोठा आहे तो मुक्कामाचा: गीतेतल्या स्थितप्रज्ञाला पुढे ब्रह्मनिर्वाण आहे, स्टोइकाला याच गावात, याच माणसांत राहायचे आहे, आणि मेल्यावर काय याबद्दल तो फारसा बोलत नाही.

सराव मात्र दोघांनाही लागतो, आणि सरावाच्या बाबतीत शिरगावची देवी लईराई सेनेकाला काही शिकवू शकेल. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेआधी धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रताला बसतात. एरवी कुणी कारकून, कुणी ड्रायव्हर, कुणी हॉटेलात वाढपी. आता घरचे जेवण बंद. एकत्र मुक्काम, आंघोळ केल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही, सोवळ्याचे शिजवून खायचे. हातात रंगीत गोंड्यांनी सजवलेली वेताची काठी, गळ्यात मोगरीच्या माळा. मध्यरात्री लाकडांचा उंच होम पेटतो, आणि पहाटेकडे तो बसून निखारे झाले की धोंड त्यांवरून चालत जातात. लईराईच्या बहिणींपैकी मोरजाई पेडण्यात मोरजीला, आणि एक म्हापशाला मिलाग्रीस सायबीण म्हणून पुजली जाते; जत्रेला त्या सगळ्या मुलखातली माणसे येतात.

सेनेका आपल्या अठराव्या पत्रात मित्राला सुचवतो की अधूनमधून काही दिवस ठरवून जाडेभरडे खावे, जाडेभरडे ल्यावे आणि स्वतःला विचारावे, मी ज्याला भीत होतो ते एवढेच का? भरल्या घरातून काढलेला हा उपवास. धोंडाच्या व्रतात तसे मानसिक कसरतीचे काही नाही; तो देवीसाठी करतो, दहा जणांबरोबर करतो आणि त्याचा बोभाटाही करत नाही. उणिवेची आगाऊ ओळख करून घेणे म्हणजे काय हे मात्र दोघांनाही कळलेले आहे, जसे ते पेडण्याच्या प्रत्येक जुन्या स्वयंपाकघराला कळलेले असे: मे महिन्यात हरमलची मिरची, सोलां, सुकी मासळी भरून पुरुमेंत करायचे, लाकडे पडवीत रचायची आणि मग पावसाची वाट पाहायची.

याच जत्रेत 3 मे 2025 च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. माणसे दगावली, अनेक जखमी झाली. अशा वेळी ‘देवीच्या मनात होते’ असे म्हणणारे भेटतात, आणि ज्याचे माणूस गेले त्याने तसे म्हणून मन आवरले तर त्यावर कुणी बोलू नये. पण उताराची अरुंद वाट, गर्दीचे नियोजन, पोलीस कुठे उभे होते, हे सगळे माणसांच्या हातातले होते. म्हणून तर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अधिकाऱ्याच्या तोंडी ‘होणारे टळत नाही’ हे वाक्य आले की ते तत्त्वज्ञान राहत नाही, तो जबाब होतो.

हातातले आणि हाताबाहेरचे यांतली रेघ आयती आखलेली मिळत नाही, हे स्टोइकांनाही ठाऊक होते. एपिक्टेटसला फार आवडणारा माणूस म्हणजे हेल्विडियस प्रिस्कस, रोमच्या सिनेटचा सभासद. व्हेस्पेशियन बादशहाने त्याला निरोप धाडला, उद्या सभेला येऊ नकोस. तो म्हणाला, मला सभासद न ठेवणे तुझ्या हातात आहे, पण जोवर आहे तोवर यायलाच हवे. बरे, ये, पण गप्प बस. मग मला विचारू नकोस. पण मला विचारावे लागेल. मग मलाही योग्य वाटेल ते बोलावे लागेल. बोललास तर मारीन. मी अमर आहे असे कधी म्हणालो होतो? हेल्विडियस हद्दपार झाला आणि मारला गेला. निकालावर त्याचा ताबा नव्हता आणि तशी त्याची समजूतही नव्हती; सभेला जाण्यावर मात्र होता.

गोव्यातल्या ग्रामसभा ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही सभा अनोळखी वाटणार नाही. रविवार सकाळ, पंचायतीचे सभागृह, मागच्या बैठकीच्या इतिवृत्तावरूनच अर्धा तास भांडण. डिचोलीच्या खनिज ब्लॉकचा लिलाव झाला, 2024 मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झाले. घरे, देवळे, शेते लीजच्या हद्दीतून वगळा ही मुळगावच्या लोकांची मागणी त्याबरोबरच उभी राहिली. पेडण्यात मोपाचा विमानतळ डिसेंबर 2022 मध्ये झाला, काजूच्या बागायती गेल्या त्या गेल्या. आता आजूबाजूच्या डोंगरांचे काय यावर सभा तापतात. इथे कुणी शहाणा मागच्या खुर्चीवरून म्हणतोच, सगळे वरून ठरलेले असते, आपल्या हातात काय आहे? त्याला स्टोइक समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. मयेवाल्यांनी त्याचे ऐकले असते तर सनदांचा विषयच निघाला नसता.

आणखी एक जात असते, ती जास्त सोज्वळ. तिला भांडण सोसत नाही, दुःख बघवत नाही, म्हणून ती मनःशांतीसाठी बाजूला होते. अशा एका माणसाशी एपिक्टेटसचे झालेले संभाषण एरियनने जपले आहे. तो एक सरकारी अधिकारी होता. मुलगी आजारी पडली, आणि तिचे हाल पाहवेनात म्हणून तो घर सोडून निघून गेला. ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हा परतला. बापाच्या पोटात माया असते, तसेच वागून गेलो, असे तो सांगत होता. एपिक्टेटसने त्याला आवेग आणि विवेक यांवर व्याख्यान दिले नाही. त्याने विचारले, आईची तिच्यावर माया होती का? होती. दाईची? होती. तिला सांभाळणाऱ्या नोकराची? त्याचीही. मग मायेपोटी त्या तिघांनीही निघून जायला हवे होते का? आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात, तर अशी माया करणारी माणसे तुम्हाला जवळ हवीत का?